खांडबाऱ्याची सडक आणि शर्यतीचा ट्रॅक

सुरतेहून भुसावळकडे जाणारी तापी खोऱ्यातील रेल्वे नवापूर सोडून नंदुरबारच्या दिशेने निघाली की वाटेत खांडबारा लागते. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील हे गाव. तालुक्याच्या नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत आहे. त्यामुळे माल एका राज्यात खरेदी करून दुसऱ्या राज्यात विकणे, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. भोवताली भात, तूर व ज्वारीची शेते आणि मावची, कोकणी व भिल्ल बांधवांच्या विखुरलेल्या वस्त्या. दक्षिणेकडे विसरवाडीला पोहोचले की धुळे-सुरत महामार्ग भेटतो आणि धुळ्याच्या वाटेवर कोंडाईबारीचा घाट लागतो.

या परिसरातील व्यापारी घरात मोटार ही चैनीपेक्षा गरजेची वस्तू. सकाळी दुकान, दुपारी वसुली, आठवड्यातून एकदा सुरतेची बाजारपेठ. अलीकडे मात्र घरातील तरुणांच्या मनात एक नवा छंद मूळ धरू लागला आहे. रोज वापरायची, क्रमांकाची पाटी असलेली मोटारच थोडी तयार करून हौशी स्पर्धकांसाठीच्या ट्रॅकवर उतरवायची, असा तो छंद. वडीलधाऱ्यांना तो पैशाचा अपव्यय वाटतो आणि तरुणांना निव्वळ वेगाचा खेळ. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत.

या छंदाचे एक मूळ आपल्याच समाजाच्या इतिहासात सापडते. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० तयार होऊ लागली आणि कालांतराने तीच प्रीमियर पद्मिनी म्हणून घरोघरी पोहोचली. इंजिन अवघे १०८९ सीसीचे. तरीही मद्रासजवळच्या शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धातील जुन्या विमान-धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत सुधारून घेतलेल्या फियाट धावत असत. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टाई येथे कायमचा ट्रॅक उभा राहिला. पुढे कोइमतूर आणि ग्रेटर नोएडा येथेही ट्रॅक झाले. आपल्या राज्यात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर सरळ रेषेतील पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. गोव्यात तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी मोटारीने तर इंजिन लहान आणि अंग हलके ठेवूनही स्पोर्ट्‌स कार बनवता येते, हे दाखवून दिले.

मोटार ट्रॅकसाठी बांधताना पहिला खर्च कुठे करावा? नवखा माणूस इंजिनाकडे वळतो, जाणता मिस्त्री ब्रेककडे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटरवर जी मोटार सहज थांबते, तिला १२० वरून थांबवताना ब्रेकना चौपट उष्णता पचवावी लागते, आणि तीही प्रत्येक वळणापूर्वी. ‘डॉट ४’ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू मानकानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असतो. परंतु हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, पायाखालचे पॅडल पोकळ लागते आणि मोटार थांबत नाही. नवापूर तालुक्याच्या भरपूर पावसात वर्षभर वापरलेले ऑइल तसेच ठेवून ट्रॅकवर जाणे म्हणजे थेट संकटाला आमंत्रण. ऑइल बदलण्याचा खर्च काही शेकड्यांचा असतो आणि तो चुकवण्याची किंमत जिवाची असू शकते.

त्यानंतर टायर, सस्पेन्शनचे बुश, चाकांचे नट आणि इंजिनाचे ऑइल. लांब वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकते आणि पंपाला क्षणभर हवा ओढावी लागली तरी बेअरिंग खराब होऊ शकते. म्हणून चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या बसवतात. मोटार सडकेवरही चालवायची असल्याने प्रत्येक बदलाला दुसरी बाजू असते. फार कडक स्प्रिंग खड्ड्यांच्या रस्त्यावर पाठ मोडतात. पोलादी नळ्यांचा पिंजरा हेल्मेटधारी चालकाला ट्रॅकवर वाचवतो, पण रोजच्या प्रवासात उघड्या डोक्याला त्याच्यापासूनच इजा होऊ शकते.

येथे व्यापारी घराण्याची एक जुनी सवय उपयोगी पडते, ती म्हणजे रोजमेळ. कोणत्या दिवशी ऑइल बदलले, ब्रेकपॅड किती उरले, टायरमध्ये हवा किती होती, नट कोणी आवळले, याची नोंद ठेवणाऱ्याची मोटार सहसा फसवत नाही. खांडबाऱ्याहून इरुंगट्टुकोट्टाई हजार किलोमीटरहून दूर आहे. तिथवर जायचे, धावायचे आणि त्याच मोटारीने परत येऊन दुकान उघडायचे असेल, तर दोन सेकंद कमी करण्यापेक्षा सुखरूप परतण्याला जास्त मोल येते.

हिशेबात कायद्याचेही एक पान हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात मनमानीने करता येत नाही, तर कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी परवानगीविना शर्यत लावणे हा गुन्हा आहे. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीतून आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. त्यामुळे ट्रॅकवर मोटारीचे नुकसान झाले, तर ते घरच्या तिजोरीतून भरावे लागते. मुलाला परवानगी देताना वडिलांनी आणि ती मागताना मुलाने हे दोघांनी मिळून वाचावे.

ट्रॅकवर रुग्णवाहिका उभी असते, झेंडे दाखवणारे पंच असतात आणि समोरून कोणी येत नाही. विसरवाडीच्या वाटेवर मात्र बाजाराला निघालेली बाई डोक्यावर टोपली घेऊन चालत असते, वळणामागे बैलगाडी असते, शाळा सुटलेली मुले असतात. त्यांच्यातील कोणीही शर्यतीत नाव नोंदवलेले नसते. ज्याने एकदा ट्रॅकवर ब्रेक तापलेले अनुभवले आहेत, मोटार थांबायला खरोखर किती जागा लागते हे मोजले आहे, तो तरुण कोंडाईबारीच्या उतारावर आपोआप गियर खाली घेतो. या छंदातून घराला मिळणारा खरा नफा तोच.