एक पियानो, अनेक आवाज

मुलांनो, मी मराठीचा शिक्षक आहे. पण एकदा मी हा विषय सोडायला निघालो होतो. मला कोणी अडवले असेल तर ते एका पियानोने! ती गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

2014 साल होते. मी बी.एड. करत होतो. सराव पाठाच्या तासाला मला म्हणायचे होते, ‘काळ बदलला.’ तोंडातून निघाले, ‘काल बदलला.’ मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, ‘‘काल काय बदललं, सर?’’ वर्गात हशा पिकला. उर्दूत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. घरी आम्ही ‘पानी’ म्हणतो, वर्गात ‘पाणी’ म्हणावे लागते. माझी जीभ रोज अडखळायची. त्या दिवशी मात्र मला फार लाज वाटली. मराठीऐवजी दुसरा अध्यापन विषय मिळावा, असा अर्ज मी लिहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माझे मामू मुंबईत पियानोचे सूर लावण्याचे काम करत. त्यांची हत्यारांची पिशवी उचलायला मी सोबत गेलो. एका मोठ्या घरात काळा, चकचकीत पियानो होता. घरच्या बाईंनी एक बटण दाबले आणि काय नवल! समोर कोणीही बसलेले नसताना पियानोच्या पट्ट्या आपोआप खाली-वर होऊ लागल्या. जणू कोणी अदृश्य माणूस वाजवत होता. मी दोन पावले मागे सरकलो. मामू हसले.

‘‘घाबरू नकोस, बेटा. पट्ट्यांच्या खाली विद्युतचुंबक आहेत. ते पट्ट्या हलवतात.’’

असे आपोआप वाजणारे पियानो नवे नाहीत. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी ते हवेच्या दाबावर चालत. कागदाच्या लांब गुंडाळीवर भोके पाडलेली असत. जिथे भोक येई, तिथला स्वर वाजे. आज कागदाऐवजी आकडे असतात. पियानोला 88 पट्ट्या असतात आणि प्रत्येकीला क्रमांक दिलेला असतो. मधल्या ‘सी’ या स्वराचा क्रमांक 60. कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच यंत्र लिहून ठेवते. जोरही आकड्यांत मोजतात. तो जास्तीत जास्त 127 असतो. वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची ही आकड्यांची भाषा 1983 मध्ये ठरली. तिला ‘मिडी’ म्हणतात.

मामूंनी तारांचे सूर लावले. त्यात दोन तास गेले. मग त्यांनी मला जवळ बोलावले. ‘‘आता गंमत बघ,’’ असे म्हणून त्यांनी एक कळ फिरवली. पियानोच्या पोटात एक दांडी पुढे आली. आता पट्टी दाबली तरी हातोडी तारेपर्यंत पोचत नव्हती. पट्टी कशी हलली हे यंत्र टिपत होते आणि आवाज ध्वनिक्षेपकातून येत होता. तो आवाज कोणत्या वाद्याचा असावा, हे आपण ठरवायचे! 1991 मध्ये 128 आवाजांची एक यादी तयार झाली. तिच्यात पियानो पहिला, व्हायोलिन 41वे, बासरी 74वी, सतार 105वी आणि आपली शहनाई 112वी.

मामूंनी दोन्ही हातांनी भरगच्च स्वर लावत एक धून वाजवली. यंत्राने ती टिपून ठेवली. मग त्यांनी आवाज बदलून बासरी लावली आणि तीच धून पुन्हा चालू केली. मला वाटले, आता कृष्णाच्या मुरलीसारखे गोड सूर येतील. पण छे! आठ-दहा बासऱ्या गर्दीत एकमेकींना धक्के देत आहेत, असे वाटले.

‘‘बासरी बिघडली का, मामू?’’ मी विचारले.

‘‘बासरी ठीक आहे. वाजवणं पियानोचं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘बासरीवाल्याला एकच तोंड असतं. तो एका वेळी एकच स्वर काढतो आणि मध्ये श्वास घेतो. बटण दाबून आवाज बदलतो, बेटा, हात बदलत नाही.’’

मग त्यांनी ती धून पुन्हा वाजवली, या वेळी एकाच हाताने आणि एका वेळी एकच स्वर. ओळ संपली की ते थांबत, जणू श्वास घेत. आता मात्र खोलीत खरोखर बासरी वाजू लागली. बाईही काम सोडून दारात उभ्या राहिल्या. धून तीच होती, माणूस तोच होता. त्याने फक्त बासरीची रीत पाळली होती.

परत येताना लोकलमध्ये मी मामूंना वर्गातली गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘पहिल्यांदा मी बासरीचा आवाज लावला, तेव्हा मलाही लोक हसले होते. मी बटण बंद केलं नाही.’’

त्या रात्री मी विचार केला. मी उर्दूत विचार करून मराठी शब्द बसवत होतो. म्हणजे माझे वाजवणे पियानोचे आणि आवाज बासरीचा! मराठीला तिचा स्वतःचा श्वास आहे, तो मी शिकलोच नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून मी रोज अर्धा तास मोठ्याने वाचू लागलो. भाजीवाल्या मावशींशी मुद्दाम मराठीत बोलू लागलो. ‘ळ’साठी जीभ मागे वळवून मी आरशासमोर ‘काळ, वेळ, केळ, बाळ’ म्हणत असे. अम्मी हसायची. तो अर्ज मी दिलाच नाही.

मुलांनो, मराठी बोलताना तुमची उर्दू कुठे जात नाही. धून तुमची तुमच्याजवळच राहते. फक्त नव्या वाद्याची रीत शिकावी लागते आणि त्याला वेळ लागतो. दमलो की माझा ‘ळ’ अजूनही घसरतो. तेव्हा माझे विद्यार्थीच मला सांगतात, ‘‘सर, काल नाही, काळ!’’ मी हसतो, शब्द दुरुस्त करतो आणि पाठ पुढे चालू ठेवतो.