पैलतीराचा दर

‘ऑफशोअर’ ह्या शब्दाचे मराठी करावयाचे झाल्यास ‘पैलतीरीचा’ असे म्हणावे लागेल. संतवाङ्मयाच्या वाचकाला पैलतीर म्हटल्यावर मुक्ती आठवेल. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र तो दरपत्रकातला एक रकाना आहे. अध्यापनाकडे वळण्यापूर्वी आम्ही पुण्यात बारा वर्षे ह्या रकान्यात नोकरी केली. शेजारचा रकाना ‘ऑनसाइट’चा. काम तेच, माणूसही तोच. पण तो न्यू जर्सीत ग्राहकाच्या कचेरीत जाऊन बसला की त्याच्या तासाचा दर दुपटी-तिपटीने चढे आणि हिंजवडीस परतला की उतरे. विमानप्रवासात आमच्या ज्ञानात काही भर पडत नसे आणि परतताना ते सांडतही नसे. मग किंमत नेमकी कशाची होत होती?

अर्थशास्त्राचे ह्यावरचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन ह्यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेला विचार थोडक्यात असा : श्रीमंत देशातल्या न्हाव्याची कात्री काही अधिक वेगाने चालत नाही, तरी तेथे केस कापण्याचे दाम कितीतरी जास्त असतात. कारखान्यांची उत्पादकता वाढली की त्या देशातील मजुरी वाढते, आणि न्हाव्याने न्हावी राहावे असे वाटत असेल तर त्यालाही त्या प्रमाणात द्यावे लागते. म्हणजे मजुरी ही कसबाइतकीच स्थळाचीही किंमत असते. न्हाव्याचे काम समुद्र ओलांडत नाही, म्हणून हा फरक टिकून राहतो.

प्रोग्रॅमरचे काम मात्र समुद्र ओलांडते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरूला केंद्र काढले आणि उपग्रहामार्फत काम परदेशी धाडण्याची वाट रूढ झाली. न्यूयॉर्क आणि पुणे ह्यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते. तिकडचा मनुष्य झोपी गेला की इकडचा कामास लागतो. असे असताना दोन्ही तीरांवरचे दर एकमेकांजवळ यावयास हवे होते. काही अंशी ते आलेही. परंतु दरी बुजली नाही. काम तारेवरून जाते, माणसाला परवाना लागतो. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-१बी परवान्यांची मर्यादा वर्षाला ६५,००० ठरवली. संगणकांना २००० सालाची बाधा होऊ नये म्हणून माणसे हवी होती, तेव्हा ती १,१५,००० झाली, पुढे १,९५,०००. आणि २००४ मध्ये पुन्हा ६५,०००, वर तेथील पदव्युत्तरांसाठी वेगळे २०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. दार किती उघडावयाचे हे पलीकडचे लोक आपली गरज पाहून ठरवतात.

पलीकडच्या प्रोग्रॅमरची तक्रार आम्ही खोटी मानत नाही. परवान्यांवर मोठ्या प्रमाणात विसंबणाऱ्या कंपन्यांनी स्थानिकांना हटवू नये म्हणून १९९८ मध्ये जादा अटी घातल्या गेल्या. पण वर्षाला ६०,००० डॉलर पगार दिला की त्यांतून सुटका होते. तो आकडा तेव्हापासून तसाच आहे. त्याची नोकरी आम्ही हिरावली असे त्यास वाटते, आणि त्याच्या मानाने आम्ही स्वस्तात राबतो असे आम्हांस वाटते. दोघांच्या मध्ये उभा असलेला मात्र दोन्ही तक्रारींतून वाचतो.

ह्या मधल्या जागेकडे पाहण्याची दृष्टी आम्हांस अनपेक्षित ठिकाणी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदी उतरली, रुपया पौंडाच्या तुलनेत घसरला आणि निर्यातदारांची भरभराट झाली. ही भरभराट देशाची म्हणून गणली जात होती. आंबेडकरांचा आक्षेप असा, की हा लाभ बाहेरून आलेलाच नाही. किमती चढल्या, मजुरी मागे राहिली, आणि मजुराच्या खऱ्या वेतनातली तूट हीच मालकाच्या पदरात नफा म्हणून पडली.

हे वाचताना आम्हांस हिंजवडी आठवणे अपरिहार्य होते. २००८ च्या आरंभी डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता. २०२२ मध्ये त्याने ८० ओलांडले. ह्या काळात मोठ्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या अभियंत्याचा वार्षिक पगार तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला. ग्राहकांनी दर पाडून घेतले, अनुभवी लोकांचे पगार वाढले, हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतोच : दुप्पट झालेल्या डॉलरातला वाटा त्या मुलापर्यंत का पोचला नाही? त्याला उत्तर देताना ‘जागतिक स्पर्धा’ हा शब्द आम्ही अनेकदा ऐकला. आंबेडकरांच्या काळी त्या जागी ‘विनिमयाचा दर’ होता, एवढेच.

नारायण सुर्वे ह्यांचा ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये आला. आज तो वर्गात शिकवताना समोरच्या मुलांतील कोणाचा तरी भाऊ वा बहीण संगणकाच्या कंपनीत असते. पण कामगार ह्या शब्दाशी आपल्या घराचा काही संबंध आहे असे त्यांना वाटत नाही. त्यांचा दोष नाही. आमच्या कचेरीत बारा वर्षांत स्वतःला कामगार म्हणवणारा एकही मनुष्य आम्हांस भेटला नाही. आम्ही सारे ‘रिसोर्स’ होतो. ग्राहकाला पाठवावयाच्या तक्त्यांत आमच्या नावाआधी तोच शब्द असे, आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हीही एकमेकांविषयी तोच वापरत असू : दोन रिसोर्स कमी पडताहेत, एक रिसोर्स बेंचवर आहे. संसाधनाला दर असतो. मजुरी मागता यावयाची तर आधी स्वतःला मजूर म्हणावे लागते, आणि तो शब्द उच्चारण्याची लाज ही ह्या धंद्यातली फार मोठी बचत आहे. ती कोणाच्या खात्यात जमा होते, हे मात्र पाहिले पाहिजे.