आगमनकालांतील अभंग

नाताळापूर्वींच्या चौथ्या रविवारीं ख्रिस्ती मंडळींच्या आगमनकालास आरंभ होतो. त्या दिवसांत नगर येथील एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या आग्रहावरून मी त्यांच्या उपासनामंदिरांत जाऊन बसतों. पेटी, तबला, झांजा. आणि पुढें सतरंजीवर मुलें. अभंग सुरू झाला कीं वाटतें, एकादशीच्या भजनासच बसलों आहें. एक पांच-सहा वर्षांची चिमुरडी ऱ्हस्वदीर्घ इतके स्वच्छ उच्चारते कीं, माझ्या सबंध मास्तरकींत तसे विद्यार्थी विरळाच लाभले! लय मात्र सगळीं मिळून चढवितात. पेटीवाले बिचारे मागून धांवतात.

ह्यांतील कित्येक अभंग रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. संस्कृताचा हा व्यासंगी ब्राह्मण १८९५ सालीं ख्रिस्ती झाला आणि आप्तस्वकीयांस दुरावला. लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ आपण कौतुकानें वाचतों. परंतु टिळकांची वाणी जेथें मुलांच्या मुखीं नांदते, तेथें आपल्यांपैकीं कितीजण गेले असतील?

यंदा नातवास बरोबर नेलें. घरांत प्रथम नापसंती होती. दुसऱ्या रविवारीं त्याच्या हातीं झांजा आल्या. तिसऱ्या रविवारीं त्याची आजीहि शाल घेऊन आमच्या आधीं दारांत उभी होती.