तेवीस वर्षांचा हिशेब

आम्हां मराठीच्या अध्यापकांना अल्पायुषी माणसांचे भारी वेड. बालकवी शिकवायला घेतले की कवितेआधी त्यांचे अकाली निधन आम्ही अशा काही सुरात सांगतो, की मागच्या बाकावरचा विद्यार्थीसुद्धा क्षणभर गंभीर होतो. 'आणखी जगते तर!' हा उद्गार हाताशी असला म्हणजे निम्मा तास निभावलाच म्हणून समजावे. हळहळणे सोपे असते. कविता उलगडून दाखवणे तितके सोपे नसते.

पण सध्या ज्या अल्पायुषी माणसाने मला पछाडले आहे, तो कवी नव्हे. तो आहे एक फ्रेंच गणिती तर्कशास्त्रज्ञ. त्याचे नाव मला प्रथम भेटले ते आमच्या चिरंजीवांच्या संगणकशास्त्राच्या पुस्तकात. चिरंजीव त्याला 'हर्ब्रँड' म्हणतात. फ्रेंच लोक पुढचा 'ह' आणि मागचा 'ड' दोन्ही गिळून 'एर्ब्रां' म्हणतात. झाक एर्ब्रां, १९०८ ते १९३१. एवढी वजाबाकी करायला गणिताची पदवी लागत नाही. उत्तर तेवीस येते आणि माणूस जरा थबकतो.

हा पॅरिसचा मुलगा. सतराव्या वर्षी, १९२५ साली, तेथल्या 'एकोल नॉर्माल सुपेरियर' ह्या नामांकित विद्यालयात तो पहिल्या क्रमांकाने दाखल झाला. त्या काळी फ्रान्समधल्या गणितज्ञांना तर्कशास्त्राचे फारसे कौतुक नव्हते. पण ह्या पठ्ठ्याने नेमका तोच विषय धरला. 'सिद्धता' म्हणजे काय, हेच सिद्ध करू पाहणारा त्याचा प्रबंध १९२९ साली लिहून झाला आणि १९३० साली सोर्बोनमध्ये मान्य झाला. मौज अशी, की पॅरिसच्या ह्या प्रबंधाची छपाई झाली वॉर्सात. पोलंडमध्ये तेव्हा तर्कशास्त्राला बहर आला होता.

त्या प्रबंधातला मुख्य सिद्धांत मी माझ्यापुरता असा समजून घेतला आहे. समजा, मी म्हणालो, "माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी नक्की आहे, की तो झोपला असेल तर सारा वर्ग झोपलेला असेल." आपण म्हणाल, ही प्राध्यापकमजकुरांची नेहमीची तक्रार! पण हे विधान तर्काने सिद्ध होते. विद्यार्थी कोण, ते सांगता येते का? एकच नाव छातीठोकपणे सांगता येत नाही. पण गोविंदाला घ्या. त्याच्याबाबत ते खरे असले, तर प्रश्नच मिटला. खोटे असले, तर त्याचा अर्थ गोविंदा घोरतो आहे आणि कोणीतरी, समजा गोपाळा, टक्क जागा आहे. मग गोपाळाला घ्या. तो झोपलेलाच नाही. तेव्हा 'तो झोपला असेल तर' ही अट लागूच होत नाही आणि विधान अबाधित राहते. म्हणजे गोविंदा, नाहीतर गोपाळा. दोन नावांत काम भागले!

वर्गात तीस मुले असोत की तीन कोटी, दोनच नावे पुरतात. एर्ब्रांने दाखवले ते असे, की 'अमुक असे काहीतरी आहे' ह्या तऱ्हेचे विधान निव्वळ तर्काने सिद्ध होत असेल, तर अशी एक मोजकी यादी निघतेच. आणि यादी निघाली, तर विधान सिद्ध होते. अनंताबद्दलचे बोलणे त्याने बोटांवर मोजण्याच्या व्यवहारात आणून ठेवले. मात्र यादी किती लांब हे आधी कळत नाही, आणि ती नसेलच तर शोध संपतही नाही.

प्रबंध झाल्यावर तो जर्मनीला गेला. बर्लिनला फॉन नॉयमन, हॅम्बुर्गला आर्टिन, ग्यॉटिंगेनला एमी न्योटर, अशी एकाहून एक मोठी माणसे त्याला भेटली. व्हिएन्नाच्या गोडेलशी पत्रव्यवहार झाला. त्याच्या पत्रातली एक सूचना पुढे १९३४ साली प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत गोडेलने वापरली आणि 'गणनयोग्य म्हणजे काय' ह्या प्रश्नाला वाट मिळाली. त्या पत्राला गोडेलने उत्तर लिहिले ते २५ जुलै १९३१ रोजी. २७ जुलैला एर्ब्रां आल्प्समध्ये, ला बेरार्दच्या परिसरात, गिर्यारोहण करताना कोसळला. अंकगणिताच्या सुसंगतीवरचा त्याचा शेवटचा लेख जर्मन नियतकालिकाच्या कचेरीत पोचल्याची तारीखही तीच.

इथे माझ्यातला मराठीचा अध्यापक गळा काढायच्या बेतात होता. पण पुढची हकीगत वाचली आणि आवरले. १९६३ साली ड्रेबेन, अँड्र्यूज आणि ऑन्डेरो ह्या तिघांनी दाखवून दिले, की एर्ब्रांच्या सिद्धतेतली एक पायरी चक्क चुकीची आहे. तरी सिद्धांत ढासळला नाही. पायरी दुरुस्त करता आली. मला हा त्याचा फार मोठा सन्मान वाटतो. बत्तीस वर्षांनी कोणी तुमची ओळ न् ओळ तपासतो, म्हणजे तुम्हांला हार घालून भिंतीवर टांगलेले नसते. तुमच्याशी बोलणे चालू असते. १९६५ साली रॉबिन्सनने यंत्राकडून सिद्धता करवून घेण्याची रीत काढली, ती ह्याच पायावर. १९९२ पासून त्या क्षेत्रातला एक मानाचा पुरस्कारही त्याच्या नावाने दिला जातो.

ही सगळी कथा मी घरी सांगितली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींच्या मनात त्यातले एकच वाक्य राहिले. "एवढ्या हुशार मुलाने कड्यावर कशाला जायचे?" त्यांचा रोख कोपऱ्यातल्या पाठपिशवीकडे होता, चिरंजीव दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर असतात. "पण आई, त्याला दोन्ही आवडत होते," एवढेच चिरंजीव म्हणाले. निवाडा माझ्याकडे आला. 'गेला नसता तर वाचला असता' हे निर्विवाद. 'म्हणून जाऊच नये' हे त्यातून कसे निघते, ते मला दाखवता येईना. आणि 'म्हणून खुशाल जावे' हेही निघत नाही.

रविवारी पहाटे मी स्वतःच उठून चहा केला, आणि चिरंजीवांकडून दोराच्या गाठी पुन्हा एकदा तपासून घेतल्या. तर्क तिथे संपला. त्यांची आई रात्री आठपर्यंत दारातच बसून होती.