एका बादलीचा हिशेब

‘शब-ए-मालवा’ म्हणून माळव्याच्या रात्रींचं कौतुक होतं ते उन्हाळ्यातलं. जानेवारीत धारला पारा ७-८ अंशांवर उतरतो, तेव्हा पहाटे उठणाऱ्याला कौतुकापेक्षा गरम पाण्याची काळजी जास्त. पवारांच्या मागोमाग इथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांत या काळजीवर पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होतं, तांब्याचा बंब.

आपल्यापैकी अनेकांनी बंब दिवाणखान्यात शोभेला ठेवलेलाच पाहिला असेल. मधे उभी नळी, भोवती पाणी, खाली जाळी. नळीत ढलप्या आणि कोळसे टाकायचे, तोटीतून गरम पाणी काढायचं आणि तेवढंच गार वरून ओतायचं. आमच्या धारच्या घरी तो गेल्या वर्षापर्यंत हिवाळाभर रोज पेटत होता.

मी इंदूरला नोकरी करतो, शनिवार-रविवार धारला असतो. बंब ठेवायचा की दुसरी काही सोय करायची, हा विषय मागच्या हिवाळ्यात निघाला. बाबांचं म्हणणं, “लाकूड स्वस्त, वीज महाग.” आजीचं म्हणणं, “बंबाच्या पाण्याची ऊब गिझरला नाही.” घरात इंजिनिअर मी, म्हणून हिशेब माझ्याकडे आला.

२० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते, कशानेही तापवा. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. थोडी गळती धरून बादलीला ०.६५ युनिट, म्हणजे ७ रुपये दराने साधारण साडेचार रुपये. १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना धरला, तर गॅस गिझरवर तीच बादली साडेतीन-पावणेचार रुपयांत होते. वाळलेल्या लाकडात किलोला साधारण ३५०० किलोकॅलरी असतात, पण बंबात बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाते. ३० टक्के पाण्याला मिळाली असं धरलं, तरी बादलीला अर्धा किलो लाकूड लागतं. वखारीत, इथल्या भाषेत टालवर, १० रुपये किलोने घेतलं तर ५ रुपये. लाकूड ओलं असेल तर आणखी जास्त.

म्हणजे विकतचं लाकूड स्वस्त नाही. ज्याच्या शेतातली बाभूळ किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या आहेत, त्यालाच ते स्वस्त पडतं.

सौर बंबाला इंधन फुकट आणि माळव्यात हिवाळ्यात ऊन भरपूर. पण थंडी चारच महिने. रोजच्या पाच बादल्या धरल्या तर वर्षाला २७०० रुपये वाचतात. २५ हजारांचं यंत्र वसूल व्हायला नऊ वर्षं. बाराही महिने गरम पाण्याने अंघोळ करणाऱ्या घरात ते बरंच लवकर वसूल होईल.

पण इंधनाचा खर्च हा अर्धाच हिशेब. आमचा बंब पेटायचा तो आई साडेपाचला उठायची म्हणून. लाकडं फोडून आणणं, फुंकणी, राख काढणं, डोळे चोळणं, हे कोणत्याच बिलात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. आईला थंडीत खोकला असतो, आणि तो आम्ही सगळे ‘ऋतूचा’ म्हणत आलो. बाबांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, “बघ मग, कोणता आणायचा ते.”

आम्ही विजेचा गिझर घेतला. गॅस गिझर बादलीमागे रुपयाभराने स्वस्त, पण आमची मोरी बंद, खिडकी नाही. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग. माणसाला आधी गुंगी येते, आणि उठून दार उघडायचं बळ राहत नाही.

हीच भीती आजीच्या शेगडीची. रात्री खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार लावून घ्यायची तिची जुनी सवय. “अरे, आमचा जन्म गेला शेगडीपाशी,” ती म्हणाली. मी म्हटलं, “आजी, तेव्हा कौलांतून धूर निघून जायचा. आता वर स्लॅब आहे आणि खिडकीला काच.” हे मात्र तिला पटलं. आता झोपण्याआधी दोन तास दोन किलोवॅटचा हीटर लावतो: चार युनिट, २८ रुपये. कुरकुर होते, पण शेगडी अंगणातच असते.

बंब मोडीत दिलेला नाही. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला तो अंगणात पेटतो, आणि लाकडं आता बाबा फोडतात. आपल्या घरी शेगडी किंवा गॅस गिझर असेल, तर दर विचारण्याआधी एवढं जरूर पाहा: हवा कुठून येते, आणि पहाटे उठतं कोण.