एका वर्षाची बेगमी

आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे बेगमीचे दिवस. गहू निवडून, उन्हं दाखवून डब्यांत भरायचे, तिखट कांडून आणायचं, पापड, सांडगे, लोणच्याची कैरी. पाऊस सुरू व्हायच्या आत वर्षाचं सगळं घरात आलं पाहिजे, हा सासूबाईंचा दंडक. २०२५ च्या उन्हाळ्यात मात्र आमच्या स्वयंपाकघरात दोन बेगम्या शेजारी शेजारी चालल्या होत्या. टेबलाच्या एका कोपऱ्यावर पापडांची चळत, दुसऱ्या कोपऱ्यावर माझ्या गुणपत्रिकांची. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर, मी इंग्लंडमध्ये एका वर्षाच्या एम. ए.ला जायला निघाले होते. विषय जनसंवाद.

"म्हणजे बोलायला शिकवतात का गं?" शेजारच्या काकूंनी विचारलं. "तुला कशाला हवं शिकायला?"

मीही हसले. पण खरं कारण हसण्यासारखं नव्हतं.

आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ चा महापूर इथली कोणतीही बाई विसरणार नाही. मी एका संस्थेत आरोग्याची पत्रकं, भित्तिपत्रकं लिहायचं काम करते. पुराच्या दिवसांत आम्ही सगळे मदतकेंद्रात फोनवर बसलो होतो. आमच्या गावात पाणी मोजतात ते आयर्विन पुलापाशी, फुटांत. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एका रात्री एका बाईंचा फोन आला. मी समोरचा आकडा वाचून सांगितला, "बावन्न फूट." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "ताई, म्हणजे माझ्या ओट्यापर्यंत येईल का?"

मला उत्तर देता आलं नाही. आकडा बरोबर होता, वेळेवर होता आणि त्या बाईंच्या काडीच्याही उपयोगाचा नव्हता. सांगणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे मला त्या रात्री समजलं. पंधरा वर्षं मी जी पत्रकं लिहीत होते, ती वाचून कुणाला काय कळत होतं, हे मी कधी तपासलंच नव्हतं. ते तपासायचं कसं, हे शिकवणारी विद्या असते, हेही पुढे वर्षभराने कळलं.

आता 'एका वर्षाची' पदवी का? आपल्याकडे तीन वर्षांची बी. ए. झालेल्याला एम. ए. करायला दोन वर्षं लागतात. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांना एका वर्षात ती करता येते, पण आमची बी. ए. जुन्या हिशेबाची. ब्रिटनमध्ये मात्र एम. ए. साधारणपणे वर्षाचीच असते. एकूण १८० श्रेयांक. सप्टेंबरपासून दोन सत्रं वर्ग, आणि मग उन्हाळाभर प्रबंध, त्याचे बहुधा ६०. सुट्टी अशी जवळजवळ नाहीच. दोन वर्षं घर सोडणं मला जमणारं नव्हतं. एक वर्ष, दात-ओठ खाऊन, जमलं असतं.

ही वर्षाची पदवी आपल्या देशात धरतात का, ही माझी पहिली शंका. पूर्वी ती मोठीच अडचण होती. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात एकमेकांच्या पदव्यांना मान्यता देण्याचा करार झाला, त्यात ही एका वर्षाची एम. ए.सुद्धा आली. ते वाचलं आणि मग कुठे मी वही काढली.

गाव निवडलं लेस्टर. तिथल्या विद्यापीठात जेम्स हॅलोरन यांनी १९६६ साली जनसंवादाच्या संशोधनाचं केंद्र काढलं होतं, म्हणजे हा विषय तिथे मुरलेला. शिवाय लंडनपेक्षा राहणं स्वस्त. आणि बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानांत तूरडाळीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं, हे मी आधी पाहून ठेवलं होतं. हसू नका, बाईमाणूस हे पाहणारच!

आमच्या शहरातल्या एका सल्लागाराकडेही जाऊन आले. त्याने "जनसंवादाला स्कोप नाही, मॅनेजमेंट घ्या" म्हणून तासभर समजूत घातली. अशा सल्लागारांना विद्यापीठांकडून दलाली मिळते, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून अर्ज मी स्वतःच भरला. विद्यापीठाकडे स्वतः अर्ज करायला कुणाची मध्यस्थी लागत नाही.

घरात विषय काढला तो एका रविवारी, जेवणं झाल्यावर. ह्यांचा पहिला प्रश्न साधा होता. "आम्हीही येऊ का वर्षभर?" नाही. जानेवारी २०२४ पासून अशा शिकवणीच्या एम. ए.ला जाणाऱ्याला नवरा-बायको, मुलं बरोबर नेता येत नाहीत. दुसरा प्रश्न पैशांचा. मी वही पुढे केली.

फी विद्यापीठागणिक वेगळी, पण परदेशी विद्यार्थ्यांना साधारण १८ ते २५ हजार पौंड. मी वीस हजार धरली होती. राहण्याखाण्याचे नऊ महिन्यांचे पैसे व्हिसासाठी दाखवावे लागतात; लंडनबाहेर तेव्हा दरमहा १,१३६ पौंडांचा नियम होता, म्हणजे १०,२२४ पौंड. तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी आगाऊ भरायचे १,१६४ पौंड. व्हिसा ५२४ पौंड. वर तिकीट, गरम कपडे. सगळं मिळून सदतीस लाख रुपयांच्या घरात.

ह्यांनी वही मिटली. "घर गहाण टाकून शिकायचं हे वय आहे का?"

मी गप्प बसले, कारण तोच प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारत होते. बावीस लाखांचं कर्ज, त्याला राहत्या घराचे कागद तारण. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. शिक्षण संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू, पंधरा वर्षं, दरमहा तेवीस-चोवीस हजार. म्हणजे माझ्या पगारातला अर्ध्याहून जास्त भाग, आणि फिटेल तेव्हा मी साठीच्या उंबरठ्यावर असेन. परतल्यावर पगार फार वाढेल असंही नाही. हा सौदा फायद्याचा आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. मला तो हवा होता, एवढंच.

पंधरा दिवस घरात कामापुरतं बोलणं. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. मग एका सकाळी गहू पाखडता पाखडता त्यांनी विचारलं, "वर्ष म्हणजे किती गं? २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. भाद्रपद ते भाद्रपद तेरा महिने होतात."

"आई, सप्टेंबर ते सप्टेंबर. गणपतीनंतर जाणार, गणपतीला परत."

"मग तेरा महिन्यांचं तिखट करू या," त्या म्हणाल्या. "मुलाला माझ्या हातचं जरा झोंबतं, तू कमी तिखटाचं वेगळं करून ठेव." आमच्या घरात परवानगी अशी मिळते.

ह्यांचं मन वळायला आणखी आठवडा लागला. ते वळलं असंही मी म्हणणार नाही. कागदांवर सही केली. पण सही करताना म्हणाले, "आठवीचं वर्ष आहे ते बरं. दहावीचं असतं तर मी केली नसती." वर्ष मी त्या हिशेबानेच निवडलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं, हे मला बरं वाटलं.

पुढची कहाणी कागदांची. आपण बायका एका जन्मात दोन नावांनी जगतो, हे अर्ज भरताना कळतं. माझी बी. ए. माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. ही दोन्ही नावं एकाच बाईची, हे सिद्ध करणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आणि आम्ही लग्नाची नोंदणी केलीच नव्हती! दंड भरून उशिरा नोंदणी करता येते. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत सापडली. गुरुजी आता ब्याऐंशी वर्षांचे. चष्मा लावून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वीज गेली होती." थरथरत्या हाताने सही केली आणि दक्षिणा घेतली नाही.

मग शिफारसपत्रं. एक कार्यालयातलं, ते सोपं. दुसरं शिक्षकांचं. कॉलेज सोडून वीस वर्षं झालेली, कुणाला आठवणार? आमच्या मराठीच्या बाई निवृत्त होऊन मिरजेत राहतात. त्यांच्याकडे गेले. त्यांना मी आठवत नव्हते. पण माझी पत्रकं वाचायला ठेवून घेतली, आठ दिवसांनी बोलावलं आणि त्यांवर पत्र लिहून दिलं. वर चार शुद्धलेखनाच्या चुकाही दाखवल्या.

इंग्रजीची आयईएल्टीएस परीक्षा दिली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. बोलण्यापेक्षा ऐकण्याची भीती जास्त वाटली, म्हणून तीन महिने पोळ्या लाटताना इंग्रजी बातम्या लावत होते. तिचा निकाल दोन वर्षं चालतो, तेव्हा फार लवकर देऊन ठेवू नये.

अर्जाबरोबर 'आपल्याला हे का शिकायचं आहे' असा एक निबंध द्यावा लागतो. मी आधी 'लहानपणापासून मला वाचनाची आवड' असा दोन पानी निबंध लिहिला. वाचला आणि फाडला. दुसऱ्यांदा फक्त त्या फोनबद्दल लिहिलं. प्रवेश मिळाला.

आणि आता जे सर्वांत महत्त्वाचं, ते नीट वाचा. व्हिसासाठी दाखवायचे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. ते खातं आपल्या नावाचं, नाहीतर आईवडिलांचं. नवरा इथेच राहणार असेल तर केवळ त्याच्या नावावरचे पैसे चालत नाहीत. माझ्या पगारातून शिल्लक टाकलेल्या नऊ लाखांच्या ठेवी होत्या. सगळ्या पावत्यांवर नाव ह्यांचं. कुणी फसवलं नव्हतं, दर वेळी तेच बँकेत जायचे आणि मीच म्हणायचे, "तुमच्या नावाने ठेवा, काय फरक पडतो?" पडतो. ठेवी मुदतीआधी मोडल्या, व्याज बुडालं. त्यात माहेरच्या चार पाटल्या मोडून आलेले सुमारे सहा लाख घातले. आयुष्यात पहिल्यांदा पंधरा लाख रुपये माझ्या एकटीच्या नावावर २८ दिवस बसून होते. रोज सकाळी मी फोनवर ते पाहत असे, जसं मुरत घातलेलं लोणचं बायका उगाच उघडून पाहतात.

पाटल्या मोडल्याचं आईला सांगितलं तेव्हा ती रडली. मीही रडले. ह्याला उपाय नाही.

अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली आणि पुढच्या आठवड्यात मी निघाले. विमानतळावर मुलगा शेवटपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता. मी आत गेल्यावर तो तिथेच खाली बसला, हे मला ह्यांनी पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

विद्यापीठात नोंदणीच्या रांगेत माझ्या पुढेमागे बावीस-तेवीस वर्षांची मुलं. मूळ पदवी, पासपोर्ट, सगळं तपासून ओळखपत्र हातात आलं. त्यावर पासपोर्टाप्रमाणे माझं नाव, मग ह्यांचं नाव, मग आडनाव. पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, "यातल्या कोणत्या नावाने हाक मारू?" मी माझं सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं. 'ळ' काही केल्या जमला नाही.

पहिल्या सत्राचा पहिला निबंध मी पुराच्या सूचनांवर लिहिला. फुटांऐवजी ओटा, उंबरा, पायरी अशा खुणांनी सांगितलं तर काय होईल, असा त्याचा विषय. गुण मध्यम मिळाले. शेरा होता: 'कल्पना चांगली, पण तुम्ही त्या बायकांना विचारलंत का?' तेच उन्हाळ्यात प्रबंधासाठी करायचं ठरवलं आहे, फोनवरून, आमच्या गल्लीपासून सुरुवात करून.

ही पदवी झाल्यावर तिथे काम करायला थोडा काळ राहता येतं. आतापर्यंत ती मुदत दोन वर्षांची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्ष. मला राहायचं नाही. पण तुमच्यापैकी कुणाला राहायचं असेल तर ही तारीख ध्यानात ठेवा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्तीही याच एका वर्षाच्या अभ्यासासाठी असते. वयाची अट नाही, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. तिचे अर्ज ऑगस्टमध्ये सुटतात, म्हणजे जाण्याच्या वर्षभर आधी. मला हे कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती.

इंग्लंडला कुणी जा, न जा. आपल्याच गावच्या कॉलेजात नाव घाला, नाहीतर घालूही नका. पण तीन कागद आज करून ठेवा. लग्नाची नोंदणी, आपल्या सगळ्या गुणपत्रिका एका फाईलीत, आणि आपल्या एकटीच्या नावाचं एक बँकेतलं खातं.

परवा सासूबाईंचा फोन होता. नवं कालनिर्णय आणलं म्हणे. सप्टेंबरच्या पानावर गणेश चतुर्थी चौदा तारखेला आहे, तिथे त्यांनी पेनाने गोल केला आहे. "तिखट पुरेल," त्या म्हणाल्या. "पण पापड संपत आलेत. तुझा मुलगा रोज चार भाजून खातो. स्वतः भाजतो हो."