पाटी एक, रस्ता दुसरा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा ताईने फोनवर विचारलं, "अण्णांच्या आठवणींत साखरप्याची शाळा संपते आणि एकदम निवृत्तीच येते. मधली पानं गेली कुठे रे?" तेव्हा टोलवलं. आता इथेच लिहितो, म्हणजे सगळ्यांना एकदाच कळेल.

2007 मध्ये अण्णा हातखंब्याच्या घरी लिनक्सवर दोन बोटांनी रोज पानभर टाइप करायचे. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली होती. रोज रात्री नऊला पेनड्राइव्ह लावलेला आहे का बघायचं, असला तर त्यावर प्रत ठेवायची. दिवाळीत नवी आवृत्ती टाकून दिली. संगणक लवकर सुरू होतो म्हणून अण्णा खूश. शिमग्याला डिस्क गेली. पेनड्राइव्ह उघडला, तर शेवटची प्रत दिवाळीआधीची!

झालं होतं ते असं. युनिक्सच्या पोरांची प्रत्येकाची बोली वेगळी व्हायला लागली, म्हणून 1988 मध्ये पॉझिक्स हे मानक आलं आणि 1992 मध्ये त्यात शेलचं व्याकरणही आलं. टोरवाल्ड्सने लिनक्सची वाच्यता करण्याआधीच, 1991 च्या जुलैत, पॉझिक्सचे नियम कुठे मिळतील म्हणून विचारणा केली होती. पण लिनक्सवर बहुतेक ठिकाणी शेल म्हणजे बॅश. तो मानक पाळतो, शिवाय आपले लाडही पुरवतो. दोन शब्द सारखे आहेत का हे तपासायला मानकात एकच बरोबर-चिन्ह आहे, बॅशला दोनही चालतात. सी लिहून लिहून माझ्या बोटांना दोनचीच सवय.

मग उबुंटूने ऑक्टोबर 2006 च्या 6.10 आवृत्तीत 'एसएच' या नावामागे बॅशऐवजी डॅश बसवला. लहान, चपळ आणि मानकाला धरून चालणारा. डेबियननेही 2011 मध्ये तेच केलं. आमच्या घरी हा बदल दिवाळीच्या अपग्रेडबरोबर आला. डॅशला माझी दोन चिन्हं कळली नाहीत. त्याने तक्रार केली, पण रात्री आपोआप चालणाऱ्या कामाची तक्रार ऐकतो कोण? अट खोटी धरून तो पुढे गेला. प्रत घेणं राहूनच गेलं. चार महिने.

च्यायला, चालत्या गाडीला खीळ घातली, असं मी आठवडाभर म्हणत होतो. मग स्क्रिप्टची पहिली ओळ पाहिली. तिथे मीच 'एसएच' लिहिलं होतं. म्हणजे मानकाप्रमाणे वागेन असं वचन देऊन आत बॅशची भाषा. 'बॅश' लिहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. आपल्या तिठ्यावर रत्नागिरीची पाटी लावून माणसाला गोव्याकडे धाडावं, तसं.

अण्णांना मी एवढंच सांगितलं, "डिस्क गेली." ते म्हणाले, "यंत्रच ते, जायचंच. तू नको जिवाला लावून घेऊस." आणि ती वर्षं पुन्हा न लिहिता थेट निवृत्तीपासून पुढे लिहायला बसले. खरं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता पहिली ओळ खरी लिहितो. बॅशचे लाड शोधून काढणारं एक साधन मिळतं, ते चालवतो. आणि महिन्यातून एकदा प्रत स्वतः उघडून बघतो.

असो. ताई, त्या मधल्या वर्षांचं अण्णांनी तुला तोंडी काही सांगितलं असेल, तर लिहून पाठव. या वेळी प्रत नीट ठेवीन.